पेठेत बसून वगैरे

सडेतोड साहेब,

‘डॉलरची सद्दी’ या माझ्या लेखात मी डॉलरला उतरण लागल्याचं म्हटलं होतं आणि अर्जेंटिना ब्रिक्समध्ये (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका वगैरेंचा गट) धरला होता. त्याखाली तुम्ही लिहिलंत की पेठेत बसून जगाची फेरमांडणी करणं सोपं असतं, अर्जेंटिना ब्रिक्समध्ये नाही, देशोदेशींच्या गंगाजळीत डॉलर अजून निम्म्याच्या वर आहे आणि आपण तेलापोटी दिलेले रुपये रशियाला नकोसे झालेत.

अर्जेंटिनाचं मान्य. ऑगस्ट २०२३ ला जोहान्सबर्गच्या ब्रिक्स परिषदेत आमंत्रण मिळालं, पण तिथे मिलेई राष्ट्राध्यक्ष झाले आणि डिसेंबरात त्यांनी नकार कळवला. मी जुन्या टिपणावरून लिहिलं, दुरुस्त केलंय. झालं समाधान?

आता पेठ. एक तर मी धनकवडीत राहतो. दुसरं, ‘बसून’ म्हणजे काय हो? भोसरी एमआयडीसीत एका कंपनीच्या एक्स्पोर्ट खात्यात २१ वर्षं काढली, पीएमटीला लोंबकळत जायचो. २०१२ साली आमचा माल इराणला गेला आणि मार्चमध्ये तिथल्या बँका स्विफ्टमधून (देशोदेशींच्या बँका पेमेंटचे निरोप ज्यावरून पाठवतात ते जाळं) बाहेर काढल्या. माल पोचलेला, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार, पण त्या पेमेंटला कुठली बँक हात लावेना, आणि इकडे मालक रोज केबिनमध्ये बोलवून विचारणार, आले का? जेवण जायचं नाही. पुढे आपण इराणच्या तेलाचे काही पैसे युको बँकेत रुपयांत भरायला लागलो, त्यातूनच निर्यातदारांना पैसे मिळायला लागले तेव्हा आम्ही सुटलो. म्हणजे डॉलरला वळसा घालता येतो हे मी सह्या करून बघितलंय, कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. तुम्ही म्हणाल, यातून डॉलरचीच ताकद दिसते. दिसते ना! मी कुठे नाही म्हणतोय? पण गळा आवळला की माणूस दुसरी वाट शोधतोच, आणि २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या गंगाजळीतले ३०० अब्ज डॉलरच्या आसपास गोठवल्यावर ते बाकीच्यांनीही पाहिलंच की.

गंगाजळीत डॉलरचा वाटा निम्म्याच्या वर आहे, बरोबर. पण २००० च्या आसपास ७० टक्क्यांच्या वर होता, आता ६० च्या खाली आलाय, आणि मी ‘उतरण’ लिहिलं होतं, ‘अंत’ नाही. लेख नीट वाचायची सवय असती तर कळलं असतं (हे जरा जास्त झालं, पण असू दे).

रशियाच्या रुपयांचं त्यांचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह मे २०२३ ला गोव्यात बोलले होते, माहितीये मला. तो वेगळा विषय आहे, कधीतरी लिहीन.

प्रतिक्रिया उडवणार नाही. दर वेळी उत्तर देईनच असं मात्र नाही.