सूचना चांगली आहे, पण...

तुमच्या जावास्क्रिप्टमधल्या फंक्शनल लायब्ररीच्या (म्हणजे लूप टाळून सगळं फंक्शन्सनी लिहायच्या शैलीतल्या) कोडवर कुणी सूचना केली, की आधी तोंडभरून आभार माना. "छान निरीक्षण!" एवढ्यानं समोरचा निम्मा गार होतो. मग नकार द्या.

समजा तो म्हणाला, "तुमचं फोल्ड, म्हणजे यादीतून एकच उत्तर काढणारं फंक्शन, रिकर्शननं (स्वतःलाच पुन्हापुन्हा बोलावत) लिहिलंय, एक लाख घटकांची यादी दिली की स्टॅक ओव्हरफ्लो होतो, कॉलच्या नोंदींची जागाच संपते." चार ओळींच्या लूपनं काम भागेल हे तुम्हालाही कळतं. पण लूप? फंक्शनल लायब्ररीत? चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरायची नाही. त्यापेक्षा ठणकावून सांगा, की हा टेल कॉल (फंक्शनचं अगदी शेवटचं काम असलेला कॉल) आहे आणि २०१५ च्या जावास्क्रिप्ट मानकाप्रमाणे त्यानं स्टॅक वाढायलाच नको. गडी चिवट असेल तर म्हणेल, हे सफारीत चालतं, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये नाही. मग तर प्रश्नच मिटला! नाच उत्तमच आहे, अंगण वाकडं आहे. "आमचा बग नाही" असं लेबल लावा आणि इश्यू बंद करा.

रिकाम्या यादीवर हेड (पहिला घटक देणारं फंक्शन) काय देणार, असं कुणी विचारलं तर उलट विचारा: रिकामी यादी देताच कशाला? हास्केल या फंक्शनल भाषेचं हेडसुद्धा तिथे कोसळतं, हे अवश्य ऐकवा. जीएचसी या हास्केलच्या कंपायलरच्या ९.८ आवृत्तीपासून हेड वापरलं की कंपायलरच इशारा देतो, हे मात्र त्याचं त्याला शोधू दे.

एक्स, वाय यापेक्षा बरी नावं द्या, ही सूचना तर ठरलेली. सगळं पॉइंट-फ्री करून टाका, म्हणजे आर्ग्युमेंट न लिहिता नुसती फंक्शनं एकमेकांना जोडा. आर्ग्युमेंटच उरलं नाही, तर नाव कशाला देणार? (मग तो कोड कुणाला वाचता येत नाही, तुम्हालाही. असो.)

एवढ्यानंही हटला नाही तर मोनॅड (पायऱ्या एकापुढे एक जोडायची गणिती कल्पना) बाहेर काढा. "मोग्गींचा मोनॅडवरचा १९९१ चा निबंध वाचून या, मग बोलू." तुम्ही स्वतः तो वाचलाय का, हे विचारायचं धाडस सहसा कुणी करत नाही. धोका एकच: तुमच्या चेनला (पायऱ्या जोडणाऱ्या फंक्शनला) असोसिएटिव्हिटीचा, म्हणजे कंस कुठेही घातले तरी उत्तर तेच, हा नियम लागू होत नाही, हे दाखवणारी टेस्टच त्यानं जोडली तर? तसं झालं तर विषय ताबडतोब ओळीच्या शेवटी सेमिकोलन असावा का, इकडे वळवा. त्यावर मत नसलेला प्रोग्रामर अजून जन्माला यायचाय.

सगळं थंडावलं, की तोच लूप गुपचूप घाला. कमिट मेसेज: "किरकोळ साफसफाई". त्यानं पाठवलेली दुरुस्ती (पुल रिक्वेस्ट) "आता कालबाह्य" म्हणून बंद करा, आणि चेंजलॉगमध्ये लिहा: मोठ्या याद्यांसाठी नवी, अधिक शुद्ध अंमलबजावणी.