माळीदादांचाही सत्कार व्हावा

विद्यापीठात पर्यावरणासाठी झटणाऱ्या कर्मचाऱ्यांचा गौरव व्हावा, हे लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. पण नावं काढताना फक्त प्राध्यापक आणि समित्यांकडे पाहू नका. मी इथे इंदूरलाच एका कॉलेजच्या लायब्ररीत होते. आमचे माळीदादा पानगळीत एक पान जाळू देत नसत. खड्ड्यात पाचोळा, त्यावर शेणकाला, मग माती. अधूनमधून पाणी शिंपडून वरखाली करायचं. तीन-चार महिन्यांनी मूठभर काळंभोर खत माझ्यापुढे धरून म्हणायचे, "ताई, वास घेऊन बघा, पहिल्या पावसाचा येतो." इंदूर 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणांत त्या खड्ड्याचा साधा उल्लेखही झाला नाही. मीच उठून बोलायला हवं होतं.