हिरवा चाफा दाखवा ना!

आमच्या बागेत ऊन येतं ते फक्त हजेरीपुरतं. एका बाजूला उंच भिंत, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचं डेरेदार झाड. मधे जो काही उजेड उरतो त्यावर नेचे खूश आणि शेवाळ तर फारच खूश. गुलाबानं इथं काडी होऊन प्राण सोडला. मोगऱ्यानं पानं दिली, नुसतीच पानं. शेवटी एका जाणकारांनी सांगितलं, "हिरवा चाफा लावा. बारा महिने हिरवागार, अर्धी सावली आरामात सोसतो आणि फुलाला पिकल्या फळासारखा घमघमाट." यातला शब्द न् शब्द खरा निघाला. ते फूल दिसतं की नाही, याबद्दल मात्र ते काही बोलले नव्हते.

हा चाफा नावापुरताच चाफा. सोनचाफ्याशी त्याचं नातं फार लांबचं, कुळ सीताफळाचं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसच्या मुलानं, म्हणजे धाकट्या लिनियसनं, तर त्याला थेट सीताफळाच्याच प्रजातीत बसवलं होतं. पुढे रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२० मध्ये आर्टाबॉट्रिस नावाचं वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं. मुक्काम बदलायची सवय तशी जुनीच. आमच्याकडेही तो काही दिवस शहाण्या झुडपासारखा वागला. मग त्याला भिंतीवरची जाळी दिसली आणि आपण वेल असल्याचं आठवलं. आता दरवर्षी मी कात्री घेऊन त्याला झुडूप करतो आणि पावसाळा संपेपर्यंत तो पुन्हा वेल झालेला असतो.

चढायची त्याची तऱ्हाही और आहे. फुलाचा देठच जाडसर, चपटा आणि गळासारखा वाकलेला. हा आकडा हाताला येईल त्यात अडकतो आणि मग लाकडासारखा कडक होतो. त्याला जाळी, दोरी, माझी बाही असा भेदभाव नाही. फूल या आकड्याखाली उलटं लोंबतं. तीन पाकळ्या बाहेर, तीन आत, चांगल्या जाड, चामड्यासारख्या. आतल्या पाकळ्या बुडाशी अशा आवळलेल्या, की पुंकेसरांवर छोटी बंद खोलीच तयार व्हावी. म्हणजे फूल पानांत लपलेलं आणि फुलातला ऐवज फुलात लपलेला! एवढा बंदोबस्त मी बँकेतही पाहिला नाही.

खरी गंमत त्याच्या वेळापत्रकात आहे. फूल उमलतं ते पानाच्याच रंगाचं, आणि तेव्हा त्याला वास जवळजवळ नसतो. म्हणजे ते आहे हे कळायला काही मार्गच नाही. पुढे ते पिवळट पडू लागतं आणि मग असा दरवळ सुटतो की रस्त्यावरची माणसं चालता चालता थबकतात. आता रंग बदलला, आता तरी सापडेल म्हणून तुम्ही फांद्या बाजूला करता. तेवढ्या धक्क्यानं पाकळ्या खाली मातीत. सापडलं म्हणायचं की गेलं म्हणायचं?

त्यात आमची सावली. उन्हातल्या हिरव्या चाफ्यावर म्हणे फुलं जास्त येतात. आमच्याकडे मोजकीच येतात, आणि तीही अंधाऱ्या बाजूला.

पण वासाला संख्या कळत नाही. एका फुलावर अख्खी गल्ली गोळा होते. "काय हो, हिरवा चाफा ना? दाखवा ना!" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. पाहुणे बुटक्या फाटकातून वाकून आत येतात आणि झुडपासमोर नाकपुड्या फुलवत उभे राहतात. एक जण म्हणतो वरून येतोय, दुसरा म्हणतो खालून. तिसरा शेजारच्या झाडाकडे संशयानं बघतो. मी घरमालकाच्या अधिकारानं एका फांदीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "इथंच कुठेतरी आहे." या वाक्यानं माझी जितकी अब्रू गेली असेल तितकी दुसऱ्या कशानं गेली नसेल.

शिवाय नाक हे अत्यंत बेभरवशाचं इंद्रिय. पाच मिनिटं तोच वास घेतला की ते सरावतं आणि राजीनामा देतं. त्यामुळे शोध ऐन रंगात आला, की सगळे एकमेकांना विचारू लागतात, "गेला का हो वास?" मग बाहेर रस्त्यावर जाऊन नाक ताजं करून यायचं. या सगळ्यात छोटे भुंगेरे मात्र बिनचूक ठिकाणी पोचतात. त्यांना आत बोलावण्यासाठीच तर हा सगळा घमघमाट आहे; आपण निव्वळ आगंतुक.

"टॉर्च आणू का?" असं बायको भर दुपारी विचारते. तिच्या आवाजात सहानुभूती नसते. एकदा मी टॉर्च खरंच आणला. हिरव्या पानांत हिरवं फूल शोधायला टॉर्च आणला, की सगळीच पानं जास्त हिरवी दिसतात, एवढं ज्ञान झालं.

एक काका या पाहणीला नेमानं यायचे. फूल त्यांना कधीच दिसलं नाही, पण त्यांची श्रद्धा ढळली नाही. "ते राहू दे, मला एक कलम कर," म्हणाले. बी उगवायला फार वेळ खातं, म्हणून मी एक खालची फांदी वाकवून मातीत दाबली, वर दगड ठेवला आणि मुळं धरल्यावर तोडून कुंडीसकट त्यांच्या हवाली केली. इतक्या आनंदानं मी आयुष्यात काही दान केलेलं नाही. त्यांच्याकडे ऊन बरं आहे, झाड लवकर रुळलं.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. मागे चारसहा माणसांचा गलका ऐकू येत होता.

"अरे, वास येतोय, पण फूल कुठंय?"

"इथंच कुठेतरी आहे म्हणून सांगा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.