गिझरच्या व्हॉल्व्हला बूच मारायला सांगणारा मेसेज

मागच्या रविवारी नाशिकला मावशीकडे गेले होते. अंघोळीला गेले तर गिझरच्या खाली, थंड पाण्याच्या नळीवर जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याच्या तोंडात रबराचा तुकडा कोंबलेला आणि वरून तार आवळलेली. तशीच बाहेर आले आणि आधी गिझरचा स्विच बंद केला. मावशीला विचारलं तर म्हणाली, "अगं, सारखा ठिबकत होता. ग्रुपवर आलंय, ते बंद करायचं असतं. वॉचमनकडून करून घेतलं." मावशी ७१ वर्षांची, घरात एकटी. गिझर रोज पहाटे लावते.

मेसेज मी तिच्या फोनवर वाचला, आणि नंतर माझ्या दोन ग्रुपांवरही तोच सापडला. ‘हिवाळ्यात गिझरची काळजी, निवृत्त वीज अभियंत्याचा सल्ला’ असं शीर्षक, अभियंत्याचं नाव नाही. त्यात सांगितलंय ते असं : गिझर चोवीस तास चालू ठेवा, चालू-बंद केल्याने कॉइल जळते आणि बिल वाढतं. व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकत असेल तर तोंड पक्कं बंद करा, पाणी आणि वीज दोन्ही वाचेल. क्षार काढायला टाकीत ॲसिड ओता. थंडीत पाणी गोठून टाकी फुटू शकते म्हणून नळ्यांना कपडा गुंडाळा. बाथरूमचा झरोका बंद ठेवा, ऊब टिकते. आणि अंघोळ करताना गिझर बंद ठेवा.

व्हॉल्व्हपासूनच सुरुवात करते, कारण हा मुद्दा जीवावर बेतणारा आहे. पाणी तापलं की फुगतं. २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत नेलं तर त्याचं आकारमान साधारण दीड टक्क्याने वाढतं. १५ लिटरच्या टाकीत हे वाढीव पाणी भरतं २३० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे एक पेला. ते जाणार कुठे? साध्या जोडणीत ते थंड पाण्याच्या नळीतून उलट गच्चीवरच्या टाकीकडे सरकतं. पण आताच्या बहुतेक व्हॉल्व्हमध्ये पाणी मागे जाऊ न देणारी झडप असते. मग बाहेर पडायला एकच वाट उरते, व्हॉल्व्हचं ते छोटं तोंड. गिझर तापत असताना तिथून पडणारे थेंब म्हणजे बिघाड नाही. व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय, एवढंच.

त्या तोंडाला बूच मारलं की काय होतं? पाणी दाबून लहान होत नाही. तोटी बंद असताना टाकी तापत राहिली की दाब चढतो आणि तो झेलायचा टाकीच्या पत्र्याने, वेल्डिंगने आणि रबरी गॅस्केटने. हे झालं सगळं नीट चालू असताना. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा स्विच, चिकटला आणि पाणी फार तापलं की वीज तोडणारा कटआउटही उडाला नाही, तर पाणी १०० अंशांवर थांबत नाही. ८ बार, म्हणजे हवेच्या साधारण आठपट दाबाखाली ते १७० अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळतच नाही. टाकी फाटली की दाब क्षणात उतरतो आणि त्या पाण्यातला काही भाग तिथल्या तिथे वाफ होतो. पाण्याची वाफ झाली की ती नेहमीच्या हवेच्या दाबाला सोळाशे पटीहून जास्त जागा घेते. बाथरूम केवढी असते आणि गिझर कुठे टांगलेला असतो, डोक्याच्या वर, हे डोळ्यांपुढे आणा. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. ही आकडेमोड माझे विद्यार्थीही करतील. मेसेज लिहिणाऱ्या ‘अभियंत्याने’ ती केलेली नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. साठवणुकीच्या वॉटर हीटरच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०३३५-२-२१. उत्पादकाने पुस्तिकेत काय सांगितलंच पाहिजे हे त्यात दिलंय : दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या नळीतून पाणी ठिबकू शकतं, ती नळी हवेला उघडी राहिली पाहिजे, आणि क्षार निघून जावेत, व्हॉल्व्ह अडकलेला नाही हे कळावं, म्हणून तो नियमितपणे चालवून पाहिला पाहिजे. ‘उघडी’ म्हटलंय. तुमच्या गिझरची पुस्तिका कपाटात असेल तर काढून बघा, हीच सूचना सापडेल.

एक मान्य करते. गिझर बंद आहे, पाणी गार आहे, आणि तरीही दिवसभर धार लागलेली असेल, तर ते बरोबर नाही. व्हॉल्व्हच्या आत क्षाराचा कण अडकलेला असतो किंवा सोसायटीच्या प्रेशर पंपाचा दाब जास्त असतो. पण मग व्हॉल्व्ह बदलायचा. त्याचं तोंड शिवायचं नाही.

आता चोवीस तासांचं. थर्मोस्टॅट स्वतःच दिवसभर कॉइल चालू-बंद करत असतो, तेव्हा ‘चालू-बंद केल्याने कॉइल जळते’ हे म्हणणंच टिकत नाही. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण पाऊण युनिट लागतं, २ किलोवॉटच्या गिझरला वीस-बावीस मिनिटं. तेवढा वेळ आधी लावला की पुरतं. दिवसभर चालू ठेवलेली टाकी दिवसभर उष्णता गमावते. गिझरच्या स्टार लेबलवर चोवीस तासांतला स्टँडिंग लॉस छापलेला असतो, तो हाच. कोणाला तो भरायचाच असेल तर भरावा, पण बचत म्हणून खपवू नये.

ॲसिडबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याने कॉइलवर पांढरा थर जमतो, हे खरं. पण टाकीत गंजापासून बचाव करणारा मॅग्नेशियमचा रॉड असतो. ॲसिड त्याला खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, जो पेट घेतो. पुढे टाकीचं पोलादही सुटत नाही. वर्षातून एकदा मेकॅनिककडून टाकी रिकामी करून, कॉइल बाहेर काढून थर खरवडून घ्यावा, तेव्हाच रॉड बघून घ्यावा, झिजला असेल तर बदलावा. तापमान ६० च्या आसपास ठेवलं तर थरही हळू बसतो. फार खालीही ठेवू नये, कोमट साठलेल्या पाण्यात न्यूमोनिया करणारा लिजिओनेला जिवाणू वाढतो.

पाणी गोठण्याचा मुद्दा बर्फाळ देशातल्या कुठल्या तरी सूचनांमधून उचललेला दिसतो. निफाडला पारा कितीही उतरला तरी आपल्या घरातल्या नळ्या गोठत नाहीत.

झरोक्याचं मात्र सोडून देता येत नाही. विजेच्या गिझरला झरोका उघडा की बंद, फरक पडत नाही. पण मेसेजमध्ये नुसतं ‘गिझर’ लिहिलंय, आणि कित्येक घरांत बाथरूमच्या आतच गॅस गिझर आहे. बंद जागेत गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. माणसाला गरगरतं, कडी काढायचं त्राण राहत नाही. बंद बाथरूममध्ये अंघोळीला गेलेलं माणूस परत न आल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा. आत असेल तर आजच हलवायची सोय बघा, आणि तोवर झरोका बंद करू नका.

उरला शेवटचा मुद्दा, अंघोळीच्या वेळी गिझर बंद ठेवण्याचा. हे, नाइलाजाने म्हणते, बरोबर आहे. अर्थिंग तुटलेलं असेल आणि कॉइल फुटली तर पाण्यातून शॉक बसतो. पण स्विच फेजऐवजी चुकून न्यूट्रलच्या तारेवर बसवला असेल तर तो बंद करूनही गिझरपर्यंत करंट पोचतोच. म्हणून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवा.

मावशीकडे मी गरम पाण्याचा नळ सोडून दाब उतरवला, टाकी पूर्ण गार होऊ दिली, मग तार सोडवून रबर काढलं. व्हॉल्व्हच्या तोंडाला प्लास्टिकची नळी लावून तिचं दुसरं टोक मगात सोडलं. सोमवारी सकाळी गिझर तापल्यावर मगातलं पाणी स्वयंपाकघरात नेऊन मोजलं. पेल्याला थोडं कमी भरलं. मावशीने ते तुळशीला घातलं आणि ज्या ग्रुपवरून मेसेज आला होता तिथे स्वतःच्या आवाजात सांगितलं, "ते बूच कोणी लावलं असेल तर आधी गिझर बंद करा, गार होऊ द्या आणि मग काढा."