‘वीस जणांशी गप्पा म्हणजे संशोधन नव्हे’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पुण्यातल्या समाजशास्त्र आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: वीस-पंचवीस जणांच्या मुलाखतींवरून काहीच सिद्ध होत नाही, मुलाखत घेणाऱ्याला हवं तेच ऐकू येतं, असे प्रबंध कुणीही लिहू शकतं, आणि मोबाइलवर फॉर्म पाठवून दोन दिवसांत हजार उत्तरं मिळत असताना महिनोन्महिने वस्तीत जाऊन बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं. प्रबंधाचा विषय ठरवायच्या दिवसांत असं काही वाचलं की मुलं गांगरतात. म्हणून हे उत्तर.

फॉर्मचा मुद्दा आधी घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. फॉर्मवर उत्तर येतं ते आपल्याला सुचलेल्या प्रश्नाचं. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत एका मावशींना मी विचारलं, ‘तुम्ही कामाला जाता का?’ त्या म्हणाल्या, ‘नाही, घरीच असते.’ फॉर्म असता तर ‘गृहिणी’वर खूण होऊन विषय तिथेच मिटला असता. मग विचारलं, ‘काल पहाटे उठल्यापासून काय काय केलंत?’ पाणी भरलं, डबे केले, नातवाला बालवाडीत सोडलं, आणि मग, ‘दुपारी ते गजरे असतात की.’ शेजारीण मार्केट यार्डातून फुलं आणते, मावशी आणि त्यांची सून गजरे ओवतात, मजुरी नगावर. बोलता बोलता मुलगा घरात आला, तशा त्या पाण्याच्या वेळेवर बोलू लागल्या. तो गेल्यावर हळूच म्हणाल्या, ‘त्या पैशातून मी भिशी भरते. त्याला ठाऊक नाही.’ हे मोबाइलवरच्या फॉर्मवर कोण लिहील? आणि तो फॉर्म तरी त्या घरात कुणाच्या हातात असतो? बहुतेक वेळा त्या मुलाच्याच.

सरकारी सर्वेक्षणांनाही ‘काम करता का’ एवढ्या प्रश्नावर भागवता आलेलं नाही. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत प्रायोगिक आणि २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. २०१९ च्या पाहणीत आदल्या दिवशी पहाटे ४ पासून २४ तासांचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारला गेला. मोजणीला माझा विरोध नाही. काय मोजायचं हे माणसांजवळ बसल्याशिवाय कळत नाही, इतकंच म्हणणं आहे.

आता ‘थोड्या लोकांवरून काय सिद्ध होणार’ हा आक्षेप. पुण्यात किती टक्के बायका गजरे ओवतात, हे वीस मुलाखतींतून सांगता येणार नाही, आणि कुठलाही शहाणा संशोधक तसं सांगत नाही. तो हे काम कसं चालतं, पैसा कुणाच्या हातात जातो, का लपवला जातो, ते शोधतो. नव्या मुलाखतीत नवं काही येईनासं झालं की थांबायचं, असा दंडक आहे. २००६ च्या एका अभ्यासात संशोधकांनी घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती पुन्हा तपासल्या, तेव्हा मुख्य मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच आलेले दिसले. सगळीकडे १२ पुरतील असं नाही. माणसं जितकी वेगवेगळ्या थरांतली, तितका आकडा वाढतो.

आणि एकाच ठिकाणाचा अभ्यास कुचकामी असेल, तर हॅरॉल्ड मान यांचं काय करायचं? पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या या प्राचार्यांनी १९१७ मध्ये एकट्या पिंपळे सौदागरचा अभ्यास छापला. त्यात मोजणी होती आणि घरोघरची कर्जं, वाटण्यांची चौकशीही होती. तिथली सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये ४० एकर होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली. जमिनीच्या तुकडीकरणाची चर्चा निघाली की आजही या गावाचा दाखला दिला जातो.

हवं तेच ऐकू येण्याचा धोका खरा आहे. पण फॉर्ममध्ये कोणते पर्याय ठेवायचे हेही कुणीतरी ठरवतंच की, आणि तक्त्यात तो निर्णय दिसत नाही. क्षेत्रकार्यात, म्हणजे लोकांत जाऊन केलेल्या अभ्यासात, निदान वहीत दोन रकाने असतात: काय दिसलं, आणि मला काय वाटलं. मुलाखतीच्या वेळी घरात कोण होतं, याचीही नोंद ठेवतात. डेक्कन कॉलेजच्या इरावतीबाई कर्वे वारीत स्वतः चालल्या. एकाच दिंडीत भजन एकत्र म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. ‘तुम्ही जात मानता का?’ असं वारकऱ्याला विचारून पाहा, काय उत्तर येतं ते.

राहिला ‘कुणीही लिहू शकतं’ हा टोमणा. यातली एक गोष्ट मला मान्य आहे. वीस मुलाखती घेऊन ‘७० टक्के महिलांच्या मते’ असं लिहिणारे प्रबंध आपल्याकडे पास होतात. ती पद्धत नव्हे, तो नुसता आळस आहे, आणि गाइडने तिथेच थांबवायला हवं. त्या ७० टक्के म्हणजे १४ जणी. उरलेल्या ६ जणी वेगळं का बोलल्या, यावर अशा प्रबंधात एक ओळही नसते, आणि लिहिण्यासारखं खरं तर तेच असतं.