जुने नाव सोडवत नाही
कापसाच्या हंगामात बैलबंड्यांची रांग जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकापासून थेट सडकेपर्यंत लागलेली असताना, वजनकाट्याची नोंद ज्या सामायिक फोल्डरमध्ये करायची नेमके तेच फोल्डर संगणक उघडू देत नाही, याला काय म्हणावे? पासवर्ड बरोबर, केबल शाबूत, फोल्डर ज्यावर आहे तो मुख्य संगणक म्हणजे सर्व्हर सुरू. तरी पडद्यावर त्रुटी क्रमांक १२१९! अर्थ एवढाच, की एकाच सर्व्हरशी एकाच वेळी दोन निराळ्या वापरकर्ता-नावांनी (यूजरनेम) जोडणी चालणार नाही. अहो, पण दुसरे नाव दिले कोणी? सकाळी त्याच सर्व्हरवरचे हजेरीचे फोल्डर दुसऱ्या नावाने उघडले होते. ते केव्हाच बंद केले, पण विंडोज ती जोडणी अजून उराशी धरून बसले आहे.

मग आज्ञा लिहायच्या काळ्या पडद्यावर 'नेट यूज' लिहून जुन्या जोडण्या शोधा, एकेक तोडा, विंडोज जिथे नावे-पासवर्ड जपून ठेवते त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठलेले नाव पुसा, आणि तरीही हट्ट सुटला नाही तर लॉग ऑफ करून पुन्हा श्रीगणेशा करा. गंमत म्हणजे सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, लिहिला, तर तोच दरवाजा मुकाट्याने उघडतो, कारण विंडोजच्या लेखी तो निराळाच सर्व्हर असतो! घरच्या नावाने हाक मारली म्हणून माणूस बदलतो का? हे सगळे रोज, आणि तेही वीज असेल तर. खिडकीच्या गजांतून एक शेतकरी तिसऱ्यांदा विचारतो आहे, "भाऊ, पावती आज भेटन का उद्या?"