स्वित्झर्लंडला जाऊन आल्याने दिवस शून्य होत नाहीत हो भाऊ

युरोपच्या व्हिसावर १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं, त्यावर अमळनेरच्या भाऊ, तुमची कॉमेंट दोनदा वाचली, खरं सांगतो आधी रागच आला, मग चहा घेतला आणि लिहायला बसलो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी रिटायर्ड लोकांना उगीच घाबरवून राहिलोय, युरोपचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा हातात असला की कितीही जा-ये करा, ९० दिवस भरत आले की दोन दिवस स्वित्झर्लंड नाहीतर लंडन फिरून यायचं, मोजणी परत पहिल्यापासून, आणि तुमच्या मित्राच्या आईवडिलांनी तर हे तीनदा केलंय. वर ब्रिटनचा "वर्षात १८० दिवस" हा नियम मी कुठून आणला तेही विचारलंय.

हे शेवटचं आधी घेतो, कारण तिथं तुम्ही बरोबर आहात. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाच्या नियमात वर्षाला १८० दिवस असा आकडा नाहीये. साधारण व्हिजिटरला एका खेपेला जास्तीत जास्त ६ महिने, एवढंच. ऐकीव गोष्ट मी नियम म्हणून ठोकून दिली, चूक माझी, मूळ लेखात दुरुस्त करतो. पण ब्रिटनच्या नियमात जे लिहिलंय ते आकड्यापेक्षा अवघड आहे भो: सारखं येऊन-जाऊन माणूस तिथं राहायलाच लागलाय असं दिसायला नको. विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरवरचा माणूस पासपोर्ट चाळतो, पाच महिने लंडन, तीन आठवडे जळगाव, परत पाच महिने लंडन, आणि मग विचारतो की काका तुमचं घर नक्की कुठंय. आकडा असला तर बोट मोडून मोजता येतं, इथं त्याची खात्री पटवावी लागते.

आता मुख्य मुद्दा. मी भुसावळला रेल्वेत एकतीस वर्षं काढली, त्यामुळे मला हे पासावरून समजतं. भुसावळ-जळगावचा महिन्याचा पास म्हणजे महिनाभर कितीही फेऱ्या मारा, पण त्या पासावर रिझर्वेशनच्या डब्यात बिछाना टाकून झोपता येत नाही. व्हिसाचं तसंच. त्याच्यावर दोन तारखा असतात, त्या दरम्यान आत-बाहेर करता येतं. आणि किती दिवस आत राहायचं हे वेगळं लिहिलेलं असतं, ते ९०च, व्हिसा दोन वर्षांचा असो की पाच वर्षांचा. लोक पहिली ओळ वाचतात आणि दुसरीवर बोट ठेवून फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतात.

हे ९० कसे मोजायचे तर आज आत आहात ना, मग आजचा दिवस धरून मागे १८० दिवस जा आणि त्यात तुम्ही किती दिवस आत होतात ते मोजा, ९०च्या वर जायला नको. उद्या परत तसंच, तो १८० दिवसांचा तुकडा रोज एक दिवस पुढे सरकतो. शेंगेनचे, म्हणजे युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे, २९ देश मिळून एकच मोजणी. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही हे खरं, पण शेंगेनमध्ये आहे, म्हणजे तिथं काढलेले दोन दिवस उलट ९०मधूनच जाणार. लंडन शेंगेनच्या बाहेर, तिथं असताना मोजणी थांबते, शून्य होत नाही (आणि त्याला व्हिसा वेगळा, पैसे वेगळे).

एक हिशोब करून दाखवतो, कारण मला स्वतःला तो करूनच समजला. समजा २०२५ साली तुम्ही १० जानेवारी ते २८ फेब्रुवारी जर्मनीत होतात, झाले ५० दिवस. परत १ मेला गेलात तर ४०च उरतात, ९ जूनला निघावं लागतं. पण तेच महिनाभर थांबून १ जूनला गेलात तर? पूर्ण ९० दिवस मिळतात, २९ ऑगस्टपर्यंत! कारण जुलैपासून जानेवारीचे जुने दिवस मागून एक एक गळायला लागतात, पुढे एक वाढला की मागे एक कमी. आमच्याकडे हे कळल्यावर बायकोने मे महिन्याचं तिकीट काढूच दिलं नाही, म्हणे पापड-कुरडया झाल्याशिवाय तसंही मी हलणार नव्हते.

आणि माझी फजिती पण ऐका म्हणजे तुम्हाला वाटायला नको की हा नुसता शहाणपणा शिकवतोय. २०२४ मध्ये मुलीकडे स्टुटगार्टला ५ जुलैला पोचलो, परतीचं तिकीट ३ ऑक्टोबरचं. तारखांची वजाबाकी केली तर बरोब्बर ९० येतात. पण पोचल्याचा दिवसही धरतात आणि निघाल्याचाही, म्हणजे झाले ९१. आयुष्यभर रेल्वेत हिशोब केला आणि इथं एका दिवसाने चुकलो, जावईबापूंनी पाहिलं म्हणून वाचलो, भुर्दंड भरून तिकीट २ ऑक्टोबरचं केलं. राहिलो असतो तर देशाप्रमाणे दंड, कधी प्रवेशबंदी, आणि पुढच्या अर्जात त्याचं उत्तर देत बसा. "तीन महिने" असंही मोजू नका, जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर मिळून ९२ होतात.

मित्राच्या आईवडिलांचं म्हणाल तर खोटं म्हणत नाही. एकेक महिन्याच्या तीन खेपा मध्ये गॅप ठेवून केल्या असतील तर ९० भरलेच नसतील, मग स्वित्झर्लंडला गेले काय नि न गेले काय. किंवा पासपोर्टवरचा शिक्का पुसट होता आणि कोणी मोजलं नाही, असंही व्हायचं. पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे टप्प्याटप्प्याने शिक्क्याऐवजी कॉम्प्युटरवर नोंद सुरू झाली, चेहऱ्याचा फोटो आणि येण्या-जाण्याची तारीख सरळ मशीनमध्ये. मशीनला पुसट दिसत नाही.

घाबरवायचं असतं तर मी एप्रिल २०२४ची गोष्ट लिहिलीच नसती. तेव्हापासून भारतात राहणाऱ्या आपल्या लोकांना, मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी पाहिजे. मला दोन वर्षांचा असाच मिळाला. "नीट वापरले" यातच सगळं आलं.

अमेरिकेचं एका ओळीत: दहा वर्षांचा व्हिसा असला तरी किती दिवस राहायचं ते तिथं उतरल्यावर ऑफिसर ठरवतो, आय-९४ म्हणजे तिथल्या प्रवेशाच्या नोंदीवर तारीख येते, ती बघायची, व्हिसावरची नाही. आणि युरोपला जाताना बॅगेत तूप नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून चालत नाहीत. आमच्या खान्देशी बिबड्यांना (ज्वारीच्या पापडांना) मात्र आजवर कोणी अडवलं नाही.

मित्राच्या आईवडिलांच्या तिन्ही खेपांच्या तारखा पाठवा, मी मोजून देतो. पोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरून.